बेडकाच्या पोटाची साक्ष

आमच्या लॅबमध्ये काचसामान कायम कमी आणि किस्से कायम जास्त. कारण साधं आहे. बीकर हातातून पडला की संपतो. किस्सा हातातून पडला की त्याचे दोन होतात. तिथल्या दहा वर्षांत माझ्याकडे इतके साठले, की घरी पाहुणे आले की आमची ही त्यांना आधीच बजावते, "यांतलं निम्मं खरं धरा." कुठलं निम्मं ते मी कधी सांगत नाही. पण आजचे किस्से मी रागाने सांगणार आहे, आणि रागात असलो की मी थापा मारत नाही. मारल्याच तर कमी मारतो.

अंधेरीला, मरोळच्या बाजूला, औषधांवर संशोधन करणारी एक संस्था होती. साठ-सत्तरच्या दशकांतली गोष्ट. पहिल्या मजल्यावर आमची लॅब. प्रमुख डॉ. तळवडेकर बाई; आवाज कधी चढायचा नाही, आणि म्हणूनच भीती वाटायची. टेक्निशियन परब, मूळचा मालवणकडचा, विडीबाज. रागावला की थेट मालवणीत. मी दिघे, असिस्टंट. आणि काचसामान धुणारी हिरामावशी, वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. नवऱ्याची बोट समुद्रात बुडाली होती, घर तिच्या पगारावर होतं.

मावशी सहा वर्षं टेम्पररी होती. दर सहा महिन्यांनी तिला एक दिवस घरी बसवायचे आणि दुसऱ्या दिवशी नव्याने कामावर घ्यायचे, म्हणजे कायदा झोपलेला राहतो. तिला कायम करायचा कागद तयार होता. त्यावर डायरेक्टरसाहेबांची सही तेवढी राहिली होती. 'तेवढी' म्हणजे दोन वर्षं!

* * *

साहेबांना बोटाने बघायची सवय होती. आपण डोळ्यांनी बघतो, ते उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने बघायचे. रोज सकाळी केबिनचं दार आतून लावून दहा मिनिटं 'चिंतन' करायचे, बाहेर येऊन दोनतीनदा शिंकायचे, चॉकलेटी रंगाचा मोठा रुमाल नाकाला लावायचे, "तुमच्या लॅबचा वास फार" म्हणायचे आणि साडेदहाला राउंडवर निघायचे. टेबलावर बोट, बाटलीवर बोट, प्रयोग चालू असेल तर थेट नळीत बोट. "पाणी थंड नाही ना?"

आता आमचा प्रयोग काय, ते ऐका. बेडकाच्या पोटाच्या स्नायूची पट्टी मिठाच्या पाण्याने भरलेल्या काचेच्या नळीत टांगायची. वरच्या टोकाला दोरा, दोऱ्याला हलकी काडी, आणि काडीचं टोक टेकलेलं एका फिरत्या ड्रमवर. ड्रमला गुंडाळलेला कागद रॉकेलच्या धुरावर काळा केलेला. स्नायू आखडला की काडी वर जाते आणि काजळीत पांढरी रेघ उठते. शेवटी तो कागद वार्निशमधून काढायचा. वार्निश झाला की रेघ जन्माची. त्याआधी मात्र नुसत्या पाण्याच्या थेंबानेही पुसते.

एकदा बाईंचं दिवसभराचं काम ड्रमवर होतं, वार्निश सकाळी करायचं ठरलेलं. साहेब आले. या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. मग ते काळं बोट बाईंच्या नाकासमोर धरून म्हणाले, "धूळ किती साचलीय बघा!"

दुपारी दोन कागद आले. एक सर्क्युलर : यापुढे प्रत्येक ड्रमचा कागद अपवाद न करता त्याच दिवशी वार्निश झाला पाहिजे. दुसरा मेमो, साफसफाईत हयगय केल्याबद्दल.

मेमो हिरामावशीच्या नावाने होता.

* * *

स्टोअरचं वेगळंच. तिथे नियम असा की जुनी वस्तू जमा केल्याशिवाय नवी मिळणार नाही. जुना बल्ब द्या, नवा घ्या. जुना झाडू द्या, नवा घ्या. चोरी होऊ नये म्हणून. इथवर ठीक.

पुढे बेडूकसुद्धा स्टोअरमार्फत यायला लागले. पवईच्या तळ्याकडचा एक माणूस गोणपाटात घालून आणून द्यायचा. परब चिठ्ठी घेऊन गेला, बेडूक सहा. स्टोअरकीपरने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "जुने कुठायत?"

परबने समजावलं, की बेडूक वापरला की संपतो. स्टोअरकीपर म्हणाला, ट्यूबलाइटसुद्धा संपते, तरी ती जमा करतात. बाईंनी लेखी कळवलं. लेखी उत्तर आलं, की नियमात प्राण्यांचा अपवाद नाही.

तिसऱ्या दिवशी परबने मागच्या आठवड्याचे सहाही बेडूक एका बरणीत भरून स्टोअरच्या काउंटरवर ठेवले आणि झाकण काढलं. अंधेरीची मे महिन्यातली दुपार, वर पंखा बंद.

स्टोअरकीपरने नाकाला रुमाल लावून पावती फाडली. "सहा नग, वापरलेले, मिळाले." शिक्का, सही, सगळं. मला संताप त्या वासाचा नाही येत. तो माणूस पुढे तीन वर्षं दर वेळी ते बेडूक मोजून घेत होता, त्याचा येतो.

* * *

एकदा चहाच्या वेळी मावशीने बाईंना विचारलं, की रोज त्या बेडकाच्या पोटात तुम्ही शोधता काय? मी हसलो. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की माझा चहा थंड झाला.

त्या म्हणाल्या, "दार शोधते मावशी. समजा, पाच बायका गोल करून खांद्याला खांदा लावून उभ्या आहेत. मध्ये वाट आहे, पण मिटलेली. नसेच्या टोकातून अॅसिटिलकोलिन नावाचे दाणे सुटतात. पाचांतल्या दोघींच्या ओटीत एकेक दाणा पडला की पाचही जणी जराशा वळतात आणि मधली वाट उघडते. बाहेरचं सोडियम आत घुसतं, स्नायू आखडतो. लगेच दाणा विरतो, वाट मिटते. पापणी लवायच्या आत सगळं. या गोलाला म्हणतात रिसेप्टर."

बायका पाच की सहा यावर तेव्हा परदेशात वाद चालू होता. बाई पाचच्या बाजूने होत्या, आणि पुढे त्याच खऱ्या ठरल्या. पण मावशीची अडचण वेगळी.

"दोघींना द्यायलाच लागतं? एकीला देऊन नाय भागत?"

"नाही. दोघींना मिळाल्याशिवाय दार नीट उघडत नाही."

"मग त्या जावा असणार," मावशी म्हणाली आणि बीकर उचलून निघून गेली.

बाईंनी आम्हाला पुढचंही सांगितलं. तंबाखूतलं निकोटिन त्याच ओटीत, त्या दाण्याच्याच जागी बसतं आणि दार उघडतं, म्हणून या रिसेप्टरला निकोटिनिक म्हणतात. क्युरारे नावाचं बाणाला लावायचं विष असतं, तेही तिथेच बसतं. पण स्वतः दार उघडत नाही आणि दुसऱ्याला बसू देत नाही.

परब म्हणाला, "म्हणजे आमचो हेडक्लार्क."

हेडक्लार्क दारातच उभे होते. परबची गणपतीची रजा त्या वर्षी नामंजूर झाली. कोकणातल्या माणसाची, गणपतीची रजा! यावर मी काही बोलत नाही, बोललो तर छापता येणार नाही.

* * *

मावशी दर महिन्याला कायम होण्यासाठी अर्ज करायची. अर्ज मी लिहायचो, "महोदय"पासून "आपली नम्र"पर्यंत. उत्तर नाही. मी चिडून दर आठवड्याला लिहायला लागलो. तरी उत्तर नाही.

बाई म्हणाल्या, "दिघे, रिसेप्टरचंही असंच असतं. दाणे सतत ओतत राहिलं की तो बधिर होतो. दाणा ओटीत असतो, तरी दार उघडत नाही."

"मग करायचं काय?"

"थांबायचं. धुऊन काढायचं. आणि मग एकदाच, मोठा डोस द्यायचा."

मी अर्ज थांबवले. मोठा डोस कुठे मिळतो ते काही बाईंनी सांगितलं नाही.

* * *

विजेच्या माशाची गोष्ट सांगितल्याशिवाय साहेबांचा मावशीवरचा राग कळणार नाही.

काही मासे झटका देतात. त्यांच्या अंगात विजेचा एक अवयव असतो. तो मुळात स्नायूच, पण आखडायचं विसरलेला, आणि या दारांनी खच्चून भरलेला. बेडकात दारं शोधावी लागतात, तिथे फावड्याने ओढावीत. परदेशातले लोक त्यातून रिसेप्टर वेगळा काढायला लागले होते. बाईंनी असे मासे बाहेरून मागवायचा अर्ज केला. साहेबांनी लिहिलं, "चैन आहे."

टेबलावर जर्नल उघडं होतं. मावशीने चित्र पाहिलं. "हे पाकट? हे आमच्या जाळ्यात येतं. हाताला झटका बसतो म्हणून शिव्या घालतात नि परत दर्यात फेकतात."

दुसऱ्या दिवशी वर्सोव्याहून बसने, मांडीवर खाऱ्या पाण्याचा हंडा घेऊन, मावशी हजर. हंड्यात दोन मासे, भाकरीसारखे गोल. बाईंचा चेहरा मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही, दागिने बघितल्यासारखा. मासे टबात सोडले आणि नेमके साडेदहा वाजले.

साहेब वाकले. मासा निपचित. "मेलाय हा."

"साहेब, हात नका लावू," मावशी म्हणाली.

"तू मला शिकवणार?" म्हणून साहेबांनी बोट लावलं.

ते बसले. खुर्ची नव्हती, तरी बसले. त्यांचं मनगटी घड्याळ त्या क्षणी बंद पडलं ते पुढे कायम साडेदहाच दाखवत राहिलं. (इथे निम्मं खरं धरा.)

संध्याकाळी सर्क्युलर निघालं, की जिवंत अथवा मृत मासा पूर्वपरवानगीशिवाय आवारात आणू नये. मावशीच्या डब्यातले सुके बोंबीलही त्यात आले. तिची फाइल सगळ्या फायलींच्या खाली गेली. आणि वार्षिक अहवालात फोटो आला तो टबाशेजारी उभ्या असलेल्या साहेबांचा, खाली ओळ, "स्थानिक माशाचा उपयोग : संचालकांची दूरदृष्टी." फोटोत त्यांचे दोन्ही हात मागे बांधलेले होते, एवढं मात्र मी आवर्जून दाखवतो. पुढे कितीतरी महिने राउंडलाही ते तसेच असायचे.

* * *

मग एका पावसाळ्यात रेघा बिघडल्या. नळीत काहीच घातलेलं नाही, नुसतं मीठपाणी, तरी सकाळी नऊला काडी वर. स्नायू आपणहून आखडतोय. दोन आठवड्यांचं काम वाया गेलं.

बाईंनी मीठ बदललं, पाणी बदललं, बेडूक बदलले (जुने जमा करून). शेवटी त्यांनी नुकत्याच धुतलेल्या एका बीकरमध्ये चमचाभर पाणी खळबळवून ते नळीत ओतलं. काडी चढली.

कुणी विचारायच्या आत मावशी पुढे आली. "माझ्या बोटाचं असणार. मी आल्या आल्या मिश्री लावते, मग भांडी घासायला घेते."

भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड. बोटावर राहिलेला कण बीकरला, बीकरमधून नळीत, नळीतून त्या पाच बायकांच्या ओटीत.

बाई रागावल्या नाहीत. उलट त्यांना खेळ सापडला. आम्ही सगळ्यांनी एकेका बीकरमध्ये बोटं बुडवली. परबच्या पाण्याने काडी चढली. माझ्या पाण्याने त्याहून जास्त. सिगारेट सोडली असं मी बाईंना महिन्यापूर्वी शपथेवर सांगितलं होतं.

"विडी, सिगारेट, मिश्री, नाकात ओढायची तपकीर, त्या दाराला सगळं सारखंच," बाई म्हणाल्या. "आणि त्याला शपथ कळत नाही, दिघे."

मावशीने दुसऱ्या दिवसापासून मिश्री घरीच लावायची, साबणाने आणि वर राखेने हात घासायचे, मगच निघायचं, असं सुरू केलं. रेघ सरळ झाली. गोष्ट संपायला हवी होती. पण हेडक्लार्कमार्फत ती साहेबांपर्यंत गेली आणि फलकावर सूचना लागली, की आवारात तंबाखूचं कोणत्याही स्वरूपात सेवन केल्यास नोकरी जाईल. सूचनेखाली साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, "मी आयुष्यात तंबाखूला बोट लावलेलं नाही."

* * *

साहेब माशाचा झटका विसरले, राउंड पहिल्यासारखे झाले. तीन महिन्यांनी रेघा पुन्हा चढायला लागल्या. एक फरक होता. पूर्वी काडी नऊला उठायची, आता नवापासून दहापर्यंत शहाण्यासारखी पडून राहायची आणि साडेदहानंतर उठायची. बाईंनी वहीत वेळा लिहून ठेवल्या. मला दाखवल्या. मी तोंड उघडलं तर म्हणाल्या, "अंदाज नको. प्रयोग हवा."

साहेबांना मात्र प्रयोगाची गरज नव्हती. मावशीला कागद मिळाला. व्यसन सुटलेले नाही, संशोधनाचे नुकसान होत आहे, आपणास कामावरून का काढू नये?

मावशीने तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. नंतर एवढंच म्हणाली, "तेव्हा माझं होतं ते मी बोलले ना रे दिघ्या? आत्ता माझं नाय." त्या दिवशी तिने घासलेल्या बीकरमध्ये तोंड दिसत होतं. माझ्या रागाचं म्हणाल तर तो आजही त्या कागदाच्या घडीसारखा तसाच्या तसा आहे.

* * *

चौकशी लॅबमध्येच झाली. साहेब स्वतःच तक्रारदार आणि स्वतःच न्यायाधीश. त्यांच्या काखेत मावशीची फाइल, आणि त्या एकाच फायलीत दोन्ही कागद : एक कायम करण्याचा, एक काढून टाकण्याचा. खिशाला पेन.

"काय म्हणायचंय?" त्यांनी विचारलं.

मावशी म्हणाली, "मी काय म्हणू? त्या बेडकाला विचारा."

साहेब हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी नवा स्नायू आधीच टांगून ठेवला होता. ड्रमवर ताजी काजळी, शेजारी वार्निशचं ताट, झाकण काढलेलं. बाईंनी पाच स्वच्छ बीकर मांडले, प्रत्येकात थोडं पाणी.

मावशीने पाचही बोटं पहिल्या बीकरमध्ये बुडवली. ते पाणी नळीत गेलं. काडी हलली नाही. ड्रम फिरत राहिला, रेघ आखून काढल्यासारखी सरळ.

बाईंनी बोटं बुडवली. सरळ. परबने बुडवली. छोटी टेकडी. मी बुडवली. मोठी टेकडी. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, हे जास्त लागलं. दर वेळी नळी धुऊन, थांबून, रेघ खाली आली की मगच पुढचा.

"स्नायू आता कुठल्याही पाण्याने उठतोय, अशी शंका कुणी काढायला नको," बाई म्हणाल्या. "शेवटी एक खात्रीचा स्वच्छ हात घेऊ. सर, तुम्ही तंबाखूला कधी बोट लावलेलं नाही. फलकावर लिहिलंयत."

साहेब क्षणभर थांबले. पण समोर हेडक्लार्क होते, स्टोअरकीपर होता, दारात निम्मी संस्था उभी होती. त्यांनी बाही सारली आणि उजव्या हाताचं पहिलं बोट पाचव्या बीकरमध्ये बुडवलं.

बाईंनी पाणी ओतलं.

काडी उठली. माझी टेकडी ओलांडली, आणखी चढली, कागदाच्या वरच्या कडेला पोचली आणि कड ओलांडून बाहेर हवेत गेली. तिथेच थरथरत राहिली.

"बेडूक जुना झालेला दिसतो," साहेब म्हणाले.

"नवो आणतंय साहेब," परब म्हणाला, "पण जुनो आधी स्टोअरात जमा करूक व्हयो."

साहेबांनी ओलं बोट पुसायला खिशातून चॉकलेटी रुमाल अर्धा बाहेर काढला, काहीतरी आठवलं, आणि तो तसाच परत आत कोंबला. बोट त्यांनी हवेतच वाळवलं.

बाईंनी ड्रमवरून कागद उतरवला, दोन्ही टोकं धरून, बोट न लावता.

"तो वार्निश करायची गरज नाही," साहेब म्हणाले.

"अपवाद करता येत नाही, सर. तुमचंच सर्क्युलर आहे." आणि बाई वार्निशच्या ताटाकडे वळल्या.

तेवढ्यात मावशी उठली. पदराला हात पुसले. बाईंच्या हातातला कागद तिने अलगद, कडेला धरून, आपल्याकडे घेतला आणि नळाखाली नेऊन धरला. नळ बंद होता. तिचा दुसरा हात तोटीवर.

"काजळी पाण्याने जाते, साहेब," ती म्हणाली. "आणि धुवायचं काम माझंच आहे. पण त्याला आधी मी नोकरीत पाहिजे ना?"